निवृत्त न्यायमूर्तींना परत बोलावताना

उच्च न्यायालयांतील प्रलंबित फौजदारी अपिलांचा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा एकट्या अलाहाबाद उच्च न्यायालयात अशी सुमारे ६३ हजार अपिले सुनावणीची वाट पाहत असल्याचे निदर्शनास आले. हा आकडा वाचून आपण पान उलटतो. पण यातील प्रत्येक अपिलामागे एक शिक्षा झालेला मनुष्य आहे आणि बहुधा एक अन्यायग्रस्त कुटुंबही आहे. अपिलात तो मनुष्य निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेली वर्षे त्याला कोणत्याही खजिन्यातून परत देता येत नाहीत. तो दोषीच ठरला, तर इतकी वर्षे निकालाच्या आशेवर काढलेल्या फिर्यादीला न्याय मिळाला असे म्हणणेही धाडसाचेच होईल.

अशा परिस्थितीत एक उपाय वारंवार सुचविला जातो. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांपैकी अनेकांची बुद्धी आणि प्रकृती त्या दिवशी उत्तम असते. वीस-पंचवीस वर्षे वकिली आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे न्यायदान करून मिळविलेले हे अनुभवाचे भांडवल एका सायंकाळच्या निरोपसमारंभाबरोबर निष्क्रिय व्हावे, हा राष्ट्रीय अपव्यय आहे. मग अशा न्यायमूर्तींना पुन्हा न्यायासनावर का बोलावू नये? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. परंतु कोणत्या तत्त्वावर बोलवावे, याचा विचार केल्याविना दिलेला होकार पुढे महागात पडण्याचा संभव आहे.

घटनेतील विस्मृत तरतूद

ही कल्पना आपल्याला नवी नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी १२८ व्या अनुच्छेदाने निवृत्त न्यायाधीशांना बसण्याची विनंती करण्याचा अधिकार सरन्यायाधीशांना दिलेला आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले आणि १९५७-५८ मध्ये पुन्हा त्याच न्यायासनावर बसले. उच्च न्यायालयांच्या बाबतीत इतिहास अधिक वळणांचा आहे. मूळ घटनेत निवृत्त न्यायाधीशांना बोलावण्याची तरतूद होती. ती पुरेशी व समाधानकारक ठरली नाही, असे म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी दोन वर्षांपर्यंत नेमावयाच्या अतिरिक्त न्यायाधीशांची योजना आली. पुढे १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने २२४-अ या अनुच्छेदाच्या रूपाने जुनी तरतूद पुन्हा दाखल झाली. त्याच दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२ केले.

त्यानंतर काय घडले? २०२१ पर्यंतच्या जवळजवळ साठ वर्षांत या अनुच्छेदाच्या उपयोगाची तीनच उदाहरणे सर्वोच्च न्यायालयापुढे आली : १९७२ मध्ये मध्य प्रदेशात, १९८२ मध्ये मद्रासमध्ये आणि २००७ मध्ये अयोध्या खटल्याच्या सुनावणीसाठी अलाहाबादमध्ये. न्यायमूर्ती तर शेकड्यांनी निवृत्त झाले आणि खटले लाखांनी वाढले. विधी आयोगाने १९८८ मध्ये या उपायाची शिफारस केली होती. तीही कपाटात राहिली.

२० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लोकप्रहरी’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देऊन या निद्रिस्त तरतुदीला जाग आणण्याचा प्रयत्न केला. पीठाचे अध्यक्ष नागपूरचे सुपुत्र, सरन्यायाधीश शरद बोबडे, हे स्वतः तीनच दिवसांनी निवृत्त होणार होते. त्या वेळी देशातील उच्च न्यायालयांत ५७ लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती आणि सुमारे ४० टक्के पदे रिकामी होती. मंजूर पदांपैकी २० टक्क्यांहून अधिक रिक्त असणे, पाच वर्षांहून जुनी प्रकरणे एकूण थकबाकीच्या दहा टक्क्यांहून अधिक असणे, दाखल होणाऱ्या प्रकरणांपेक्षा निकालांचे प्रमाण कमी असणे, अशा काही कसोट्या न्यायालयाने ठरवून दिल्या. मुदत सर्वसाधारणपणे दोन ते तीन वर्षे, संख्या एका उच्च न्यायालयात दोन ते पाच, आणि वेतन कायम न्यायाधीशाइतके, मात्र त्यातून निवृत्तिवेतन वजा, असा आराखडाही दिला. या काळात लवाद, सल्ला वा अन्य कोणतेही विधिविषयक काम करता येणार नाही, अशी अट घातली. ३० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने रिक्त पदांची २० टक्क्यांची अट बाजूस ठेवली, अशा तदर्थ न्यायाधीशांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ दिली आणि विद्यमान न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील पीठावर बसून त्यांनी फौजदारी अपिले ऐकावीत, असे सांगितले. पावणेचार वर्षांनी न्यायालयालाच पुन्हा हात घालावा लागला, यावरून पहिल्या निर्णयाने गाडे फारसे हलले नव्हते, हे उघड आहे.

अमेरिकेचा धडा

गाडे का हलत नाही, हे समजून घेण्यासाठी ज्या देशात ही व्यवस्था शतकाहून अधिक काळ चालू आहे, त्या अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील संघीय न्यायाधीशांना निवृत्तीचे वय नाही. सद्वर्तन असेतोपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म, ते पदावर राहू शकतात आणि पदावर असेतोपर्यंत त्यांचे वेतन कमी करता येत नाही. साहजिकच आपल्या उलट प्रश्न तेथे निर्माण झाला : थकलेले न्यायाधीश जागा सोडीनात. १८६९ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या आणि दहा वर्षे सेवा झालेल्या न्यायाधीशाला राजीनामा दिल्यास आजन्म वेतन देऊ केले. १९१९ मध्ये कनिष्ठ संघीय न्यायाधीशांसाठी त्यापुढचे पाऊल टाकण्यात आले. न्यायाधीशाने पदाचा राजीनामा न देता केवळ नित्य सेवेतून निवृत्त व्हावे, पद व वेतन राखावे आणि इच्छेनुसार काम करीत राहावे, अशी ही योजना होती. यालाच पुढे ‘सीनियर स्टेटस’, म्हणजे वरिष्ठ दर्जा, हे नाव रूढ झाले.

राजीनामा आणि निवृत्ती यांतील हा भेद शाब्दिक नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अनुभवाने दाखवून दिले. १९१९ चा कायदा त्या न्यायालयाला लागू नव्हता. तेथील न्यायमूर्तींपुढे राजीनाम्याचाच मार्ग होता. १९३२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी तो पत्करला आणि मंदीच्या काळातील काटकसरीच्या कायद्याने त्यांचे निवृत्तिवेतन कापले गेले. पद सोडलेल्या न्यायमूर्तीला घटनेचे संरक्षण राहिले नव्हते. इतर वयोवृद्ध न्यायमूर्तींनी त्यावरून बोध घेतला आणि ते जागीच राहिले. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक कार्यक्रमाचे अनेक कायदे या न्यायालयाने रद्द ठरविले, तेव्हा फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी सत्तरी उलटूनही न हटणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा न्यायमूर्ती नेमण्याची योजना मांडली. ती योजना फसली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झालेल्या साध्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाही पद राखून निवृत्त होण्याची मुभा दिली आणि काही आठवड्यांतच न्यायमूर्ती व्हॅन डिव्हँटर यांनी तिचा लाभ घेतला. जे धाकाने साधले नाही, ते विश्वासार्ह आश्वासनाने साधले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण वहीत टिपून ठेवावे.

आजची तेथील व्यवस्था अशी आहे : वय किमान ६५ आणि सेवा किमान दहा वर्षे असली पाहिजे, आणि दोहोंची बेरीज ८० भरली पाहिजे. वरिष्ठ दर्जातील न्यायाधीशाने नित्य सेवेतील न्यायाधीश सरासरी तीन महिन्यांत जेवढे काम करतो, तेवढे तरी वर्षभरात केले पाहिजे आणि तसा दाखला दरवर्षी मिळाला पाहिजे. असे काम करणाऱ्याला पुढील वेतनवाढी मिळतात. संपूर्ण निवृत्ती घेणाऱ्याचे वेतन मात्र त्या दिवशीच्या आकड्यावर थांबते. कोणती प्रकरणे द्यावयाची, हे न्यायालयच ठरविते. त्यात शासनाचा हात नसतो. संघीय न्यायालयांच्या कामाचा सुमारे पाचवा हिस्सा हे वडीलधारे न्यायाधीश उचलतात, असे तेथे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओकॉनर आणि डेव्हिड सूटर यांनी पुढे अनेक वर्षे खालच्या अपील न्यायालयांत बसून प्रकरणे ऐकली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कॅन्सस राज्यातील न्यायाधीश वेस्ली ब्राउन हे तर २०१२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत वरिष्ठ दर्जात होते.

परंतु या सर्व तपशिलांत कळीचा मुद्दा वेगळाच आहे. न्यायाधीशाने वरिष्ठ दर्जा स्वीकारताच त्याची जागा रिकामी झाली असे मानले जाते आणि तीवर नवा न्यायाधीश नेमता येतो. जुना राहतो आणि नवाही येतो. म्हणजे अनुभवाची भर पडते ती पुऱ्या संख्येवर.

बदली कामगाराची अवस्था

आपल्याकडे आजवर नेमके उलटे घडत आले. मुंबईच्या गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात दर सकाळी फाटकापाशी बदली कामगार उभे असत. कायम कामगार गैरहजर राहिला तरच बदलीला साचा मिळे. निवृत्त न्यायमूर्तींची आपली योजनाही पदे मोठ्या प्रमाणावर रिकामी राहिली तरच हलावी, अशा रीतीने आखली गेली. नियमित नेमणुकांच्या शिफारशी आधी झाल्या पाहिजेत, असे २०२१ च्या निर्णयात न्यायालयाने बजावले होते, हे खरे; त्यामागचा हेतूही योग्यच होता. तथापि ज्या व्यवस्थेचे दार रिकाम्या खुर्च्या मोजूनच उघडते, ती व्यवस्था रिकाम्या खुर्च्यांची सवय लावते. म्हणून २०२५ मध्ये ही अट बाजूस ठेवली गेली, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल म्हटले पाहिजे.

या धोक्याची कल्पना शिक्षकवर्गाला वेगळी करून देण्याची गरज नाही. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर अध्यापक नेमण्याची प्रथा तात्पुरती सोय म्हणून आली. कायम पदे भरली जाईपर्यंत विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये, हा तिचा हेतू. आज अनेक विभाग तासिकांवरच चालतात आणि वर्ग चालू आहेत या कारणास्तव पद भरण्याची निकड कोणालाच वाटत नाही. तात्पुरती सोय स्वस्त असली की ती कायम होते, हा अनुभव आहे.

आणि निवृत्त न्यायमूर्ती ही सोय खरोखरच स्वस्त आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे मूळ वेतन दरमहा सव्वादोन लाख, म्हणजे वर्षाला २७ लाख रुपये. पूर्ण निवृत्तिवेतन वर्षाला साडेतेरा लाख. वेतनातून निवृत्तिवेतन वजा करावयाचे म्हटल्यास मूळ वेतनापुरता खजिन्यावर पडणारा जादा भार निम्माच ठरतो. अर्थशास्त्रात ज्याला सीमान्त खर्च म्हणतात, तो इतका कमी असताना कोणताही अर्थसचिव पूर्ण वेतनाच्या नव्या नेमणुकीची घाई करणार नाही. अमेरिकेत तर हा सीमान्त खर्च नाममात्र आहे, कारण वेतन कसेही द्यावयाचेच असते. तरीही तेथे नव्या नेमणुका थांबत नाहीत, कारण जागा आपोआप मोकळी होते.

दुसरी बाजू न्यायमूर्तींची. निवृत्तीनंतर लवाद म्हणून काम केल्यास मिळणारे मानधन आणि न्यायासनावर परतल्यास मिळणारी ही निम्मी रक्कम यांची तुलना कोणीही करील. पर्यायी संधीचा त्याग हाही खर्चच असतो. तेव्हा जे येतील, ते पैशासाठी येणार नाहीत. सेवेच्या व सन्मानाच्या भावनेने येतील. त्यांचा सन्मान राखणे म्हणूनच महत्त्वाचे. आयुष्यभर न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि मग तिची फाईल राज्य शासन, केंद्रीय मंत्रालय आणि राष्ट्रपतिभवन यांच्या वाऱ्या करीत महिनोन् महिने फिरावी, याला सन्मान म्हणत नाहीत.

उपकार की अधिकार?

येथे आपण या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. निवृत्त न्यायाधीशाला आज काम मिळत नाही असे नाही. न्यायाधिकरणे, आयोग, चौकशी समित्या, क्वचित राजभवने आणि संसदेतील आसने यांची दारे त्याला उघडी असतात. मात्र ही दारे बहुतांशी शासन उघडते, आणि शासन हाच न्यायालयातील सर्वांत मोठा पक्षकार असतो. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १९५८ मध्येच न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर शासकीय पदे घेऊ नयेत, असे स्पष्ट मत दिले होते. त्या आयोगाचे सदस्य राहिलेले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला त्याच वर्षी अमेरिकेतील राजदूतपदी गेले. छागला यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मोह किती सभ्य रूपाने येतो, एवढेच यावरून दिसते. उलटपक्षी नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेले सरन्यायाधीश भूषण गवई यांनी निवृत्तीपूर्वीच आपण कोणतेही शासकीय पद घेणार नाही, असे जाहीर केले होते. हे अभिनंदनीय आहे; परंतु संस्थेचे आरोग्य व्यक्तीच्या निग्रहावर सोपविता येत नाही.

तात्पुरत्या न्यायाधीशाच्या स्थितीतून शासनाला कोणते हत्यार मिळू शकते, हे आपण अतिरिक्त न्यायाधीशांच्या बाबतीत पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायमूर्ती लळित यांना कायम करण्यात आले नाही. १९८१ चा गाजलेला ‘न्यायाधीशांचा खटला’ही अतिरिक्त न्यायाधीशांच्या मुदतवाढीच्या प्रश्नातूनच उभा राहिला. तदर्थ न्यायमूर्तींची मुदत दोन वर्षांनी संपावयाची आणि वाढ मिळावी की नाही हे शासनाच्या संमतीवर अवलंबावयाचे, अशी रचना राहिल्यास तोच प्रसंग वेगळ्या वेषात उभा राहील.

याउलट न्यायालयाच्याच घरात, न्यायालयाच्याच नियमांनी, निवृत्त न्यायमूर्तीला काम व मान मिळाला, तर शासनाच्या दारी जाण्याचे त्याचे कारण काही अंशी तरी उणे होईल. थकबाकी निकालात निघेल हा या योजनेचा दृश्य लाभ. न्यायाधीशाच्या सेवेतील अखेरच्या वर्षांवर पडणारी अपेक्षेची छाया दूर होईल, हा अदृश्य पण अधिक मोलाचा लाभ. दुर्दैवाने चर्चा होते ती पहिल्याचीच.

आक्षेप आणि मर्यादा

निवृत्तीचे वयच का वाढवू नये, असा प्रश्न विचारला जाईल. उच्च न्यायालयांसाठी ते ६५ करणारे विधेयक २०१० मध्ये संसदेत आले आणि लोकसभेची मुदत संपल्याने २०१४ मध्ये निकालात निघाले. वयोमर्यादा वाढविल्यास तिचा लाभ कार्यक्षम आणि अकार्यक्षम अशा दोघांनाही सारखाच होतो आणि तरुणांची वाट अडते. परत बोलावण्यात निवड करता येते, हा तिचा गुण. मात्र निवड म्हटली की कसोटी आली. ती निकालांच्या संख्येइतकीच त्यांच्या गुणवत्तेचीही असावी लागेल.

अमेरिकी व्यवस्थेतही दोष आहेत. वरिष्ठ दर्जा केव्हा स्वीकारावा हे न्यायाधीशाच्या इच्छेवर असल्याने, आपल्या मताचा अध्यक्ष सत्तेवर येईपर्यंत थांबण्याचा मोह होतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर काही न्यायाधीशांनी आधी जाहीर केलेला निर्णय मागे घेतला, तेव्हा तेथे मोठी टीका झाली. आपल्याकडे निवृत्तीची तारीख जन्मतारखेनेच ठरत असल्याने हा दोष शिरणार नाही. वार्धक्याच्या मर्यादांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्यासाठी वयाची एक कमाल मर्यादा आखणेच इष्ट.

केवळ न्यायाधीश वाढवून थकबाकी संपेल, अशाही भ्रमात राहू नये. २०२१ च्या निर्णयातच नमूद आहे की, मद्रास उच्च न्यायालयात रिक्त पदे अवघी सात टक्के असूनही थकबाकी ५ लाख ८० हजारांची होती. दालने, लघुलेखक, भाषांतरित कागदपत्रे आणि सरकारी वकिलांची तयारी यांविना आसनावर बसविलेला न्यायमूर्ती तारखाच देत राहील.

चार सूचना

या विवेचनातून काही व्यवहार्य सूचना निघतात. पहिली, कोणत्याही न्यायमूर्तीच्या निवृत्तीपूर्वी त्याच्या जागेची शिफारस झालीच पाहिजे. सहा महिने आधी प्रक्रिया सुरू करण्याचा नियम आजही आहे. तो पाळला जाईल तरच तदर्थ नेमणुका पूरक ठरतील. दुसरी, निवृत्तीच्या वेळीच इच्छुक व योग्य न्यायमूर्तींची सूची न्यायालयाने करावी आणि राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीसाठी निश्चित मुदत असावी; ती उलटल्यास शासनाने कारणे लेखी द्यावीत. तिसरी, किमान कामाचे प्रमाण ठरवून त्याचा वार्षिक दाखला मुख्य न्यायमूर्तींनी द्यावा आणि त्याच आधारावर, शासनाच्या मर्जीविना, मुदतवाढ मिळावी. चौथी, या सेवेचा स्वीकार करणाऱ्याने तीनंतर कोणतेही शासकीय पद घेणार नाही, असे वचन द्यावे. चारही सूचनांना खर्च थोडाच येतो. अडचण आहे ती शासनाने आपल्या हातातील दोरी सैल करण्याची.

निवृत्त न्यायमूर्तींना जरूर बोलवावे. पण रिकाम्या घरात राखणदार म्हणून बोलावणे निराळे आणि भरल्या घरात वडीलधारे म्हणून बोलावणे निराळे. राखणदार आला की घरधनी परत येण्याची घाई करीत नाही. अपिलाच्या सुनावणीची वाट पाहत तुरुंगात बसलेल्या माणसाला हा भेद कदाचित कळणार नाही. त्याची तारीख लवकर लागली, म्हणजे त्याला पुरे. पण त्याच्यानंतर येणाऱ्यांचीही तारीख वेळेवर लागावी, यासाठी आपण हा भेद आजच ओळखला पाहिजे.